पायरीवरची खुर्ची

त्या मंडळीत वर्षाच्या शेवटच्या रविवारची एक रीत होती. उपासना संपत आली की ज्याला वाटेल त्याने आपल्या जागी उभं राहायचं आणि येत्या वर्षासाठी एक आशा मोठ्याने बोलून दाखवायची. मग सगळ्यांनी मिळून "आमेन" म्हणायचं. आमेन म्हटलं की ती आशा एकट्याची राहत नाही, सगळ्यांची होते, आणि ती पुरी व्हावी म्हणून सगळ्यांनी वर्षभर हातपाय हलवायचे, असा त्यामागचा जुना करार. हातपाय हलवणं केव्हाच मागे पडलं होतं, आमेन तेवढं उरलं होतं. गुडघे बरे होऊ देत, आमेन. नातवाला नोकरी लागू दे, आमेन. शेजारच्यांचं कुत्रं भुंकायचं थांबू दे, त्यालाही आमेन. एका वर्षी घंटा वाजवणारे काका आशा सांगायला उभे राहिले आणि काय सांगायचं होतं तेच विसरले. ते नुसतं "अं..." म्हणाले आणि मंडळीने दणकून आमेन म्हटलं.

शेवटची आशा पाळकाची. ती अख्ख्या मंडळीसाठी असते. पण ती पाळकाने आपल्या मनाने बोलायची नसते, हे पाळकबाईंना इथे आल्या आल्या पहिल्याच वर्षी समजलं होतं. ती आधी पंचांच्या बैठकीत ठरते. एका वर्षी छप्पर ठरलं होतं, एका वर्षी कर्णे. गेल्या वर्षी "वाढ" ठरली होती, आणि वाढलं ते फक्त आवारातलं गवत.

"यंदा फरशी," मोठे पंच म्हणाले.

मोठ्या पंचांचं कापडाचं दुकान होतं. बोलताना समोरच्या टेबलावरची चादरही ते दोन बोटांत धरून पोत बघायचे.

"फरशी म्हणजे, 'प्रभूचं मंदिर सुंदर व्हावं' असं काहीतरी. तुम्हाला शब्द छान सुचतात, पाळकबाई. तुम्ही बसवा."

"आणि माणसांसाठी काही?"

"माणसं फरशीवरच चालणार ना?"

बाकीचे पंच हसले. पाळकबाईही हसल्या. नव्या वर्षात त्यांची मुदत वाढवायची की नाही, हे याच टेबलावर ठरायचं होतं. मुदत गेली की काम जातं, आणि कामाबरोबर मंडळीच्या आवारातलं दोन खोल्यांचं घरही. पाळकाच्या हसण्यात असं बरंच काही मिसळलेलं असतं.

बैठकीहून निघताना त्यांनी उपासनेच्या खोलीतून वाट काढली आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. बाकांवर कुणाची पाटी नव्हती, पण कुठला बाक कुणाचा हे लहान पोरंही सांगू शकली असती. खिडकीजवळचा डॉक्टरांचा. खांबामागचा गवंड्याच्या घरचा. उजवीकडचा तिसरा, मोठ्या पंचांचा. डावीकडचा पहिला पाळकाच्या घरचा, म्हणजे पाळकबाईंच्या सासूबाईंचा. आजोबा बसले तिथे बाप, बाप बसला तिथे मुलगा. निम्मे बाक अर्धे रिकामे असायचे, तरी कुणी दुसऱ्याच्या बाकावर टेकत नसे. एकदा गावात बदलून आलेली एक नर्स चुकून डॉक्टरांच्या बाकावर बसली. डॉक्टर तर त्या दिवशी आलेही नव्हते. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. नुसतं बघितलं. ती पुन्हा आली नाही.

आणि अगदी अशीच, कुणी एका शब्दाने न बोलता, मोठ्या पंचांची सून बाहेर गेली होती.

दोन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं. पुढे तो दुसऱ्या शहरात निघून गेला. तिने लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं आणि लाँड्रीच्याच माडीवर खोली घेतली. पहिल्या रविवारी ती उपासनेला आली, दारात उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की सासरचा बाक आता आपला नाही आणि माहेरचा बाक या गावात नाही. ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली. तेव्हापासून दर रविवारी पायरीवरच. गाणी तिथूनच म्हणायची. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड मात्र तीच धुवायची, तीच इस्त्री करायची. ते कापड आत जायचं.

थंडी सुरू झाली तेव्हा पाळकबाईंनी तिच्यासाठी एक खुर्ची पायरीवर नेऊन ठेवली. लाकडी, एक पाय जरासा आखूड, पण मजबूत. त्या रात्री त्यांना फार शांत झोप लागली होती.

गेल्या रविवारी त्यांनी तिला सहज विचारलं, "खुर्ची बरी आहे ना?"

"छान आहे," लाँड्रीवाली म्हणाली. "म्हणूनच सांगते, परत न्या."

"का गं?"

"दगडावर बसत होते तोवर मी सगळ्यांच्या पायात यायचे. आत जाणाऱ्याला मला वळसा घालावा लागायचा. निदान कुणाला तरी माझी अडचण होत होती. आता म्हणतात, 'हं, बरी सोय झाली तुझी.' आतल्यांचे बाक असतात ना, बाई, तसा हा माझा झाला. आणखी महिनाभर बसले की कुणी दुसरं बसलं तर मीच डोळे वटारीन."

"मग आत ये ना!"

"येते की. कुठे बसू, ते सांगा."

पाळकबाईंनी तोंड उघडलं. मनातल्या मनात त्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग त्यांनी तोंड मिटलं. इतकी वर्षं त्या उघड्या दाराबद्दल प्रवचनं देत होत्या. दार उघडंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

शनिवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. नवरा ओट्याखाली आडवा होता. गावातले सगळे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरचा नळ सहा वर्षं गळत होता.

"अहो," पाळकबाई म्हणाल्या, "उद्या मी फरशी मागणार नाहीये."

"मग काय, टाइल्स?" ओट्याखालून आवाज आला.

"थट्टा नको. मी बाक मोडणार आहे. म्हणजे लाकूड नाही, रीत. उद्यापासून कुणाचाच बाक कुणाचा नाही, असं म्हणणार आहे. आणि तिला आत बोलावणार आहे."

पाना खणकन खाली पडला. नवरा सरपटत बाहेर आला. कपाळावर काळा पट्टा होता.

"मोठ्या पंचांसमोर?"

"त्यांच्या समोरच. त्यांच्या पाठीमागे काय बोलायचं?"

"मुदत जाईल."

"जाईल."

"घर जाईल."

"तेही."

त्याने गळणाऱ्या नळाकडे पाहिलं. "बरं झालं. म्हणजे हा आता दुरुस्त करायला नको."

पाळकबाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. लसणाने डोळे भरत नाहीत, त्यामुळे लपवताही आलं नाही. "पोटापाण्याचं काय हो?"

"लोकांचे नळ गळतायत ना?"

"गळतायत."

"मग देव दयाळू आहे," असं म्हणून तो पुन्हा ओट्याखाली गेला.

आतल्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या, म्हणजे डोळे मिटून ऐकत होत्या. त्या उठून दारात आल्या.

"तुला काय हवं ते बोल, सूनबाई. तू पाळक आहेस. पण माझ्या बाकाला हात लावायचा नाही. सहा वर्षांत त्या लाकडाला माझा आकार आलाय."

"आई, प्रभू स्वतः उद्या आला तर त्याला कुठे बसवाल? त्याचा तर इथे बाक नाही."

सासूबाईंनी विचार केला. "माझ्या बाकावर बसवीन. पण उशी मिळणार नाही."

रविवारी सकाळी पाळकबाईंनी घंटाकाकांना सांगितलं की आज दोन्ही दारं सताड उघडी ठेवा.

"अहो, थंडीने माणसं काकडतील!"

"काकडू देत. जागी राहतील."

पांढरं कापड मेजावर आलं होतं, काटकोनात घडीच्या रेषा उमटलेलं. दारातून पायरीवरच्या खुर्चीची पाठ आणि लाँड्रीवालीचा खांदा तेवढा दिसत होता. पहिलं गाणं झालं, वचन झालं, प्रार्थना झाली. प्रार्थनेत त्यांनी स्वतःसाठी एकच मागितलं, की प्रभू, शेवटच्या घटकेला मला शहाणपण सुचू देऊ नकोस.

मग आशा सुरू झाल्या. एका म्हातारीने मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडू दे म्हटलं. आमेन. डॉक्टरांनी मुलासाठी परीक्षेत यश मागितलं. आमेन. गवंड्याने नवीन काम मागितलं. मोठे पंच कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मणक्याचं दुखणं थांबू दे म्हणाले. आमेन, जरा जास्तच जोरात. त्यांच्या शेजारी त्यांची बायको मांडीवर हात ठेवून बसली होती. ती कधीच काही मागत नसे. बाक सहा जणांचा होता, दोघं बसत, आणि दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा असे.

पाळकबाई पुढे आल्या. मोठ्या पंचांनी फरशीकडे एक नजर टाकली, लग्नाच्या बस्त्याकडे टाकावी तशी.

"येत्या वर्षासाठी माझी आशा एकच आहे," पाळकबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, म्हणून त्यांनी तो चढवला. "आजपासून या मंडळीत कुठलाही बाक कुणाच्या घरचा नसावा. येईल त्याने जागा दिसेल तिथे बसावं. आणि बाहेर पायरीवर बसणारी आपली बहीण आज, आत्ता, तिला वाटेल तिथे आत येऊन बसावी."

"आमेन!" मंडळी गरजली.

आपण काय म्हटलं ते एकेकाच्या कानांपर्यंत उशिरा पोचत होतं. डॉक्टरांनी शेजारी हळूच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" घंटाकाकांचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला.

मोठे पंच उठले. मणका विसरून उठले.

"पाळकबाई, फरशीचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. फरशीला माझी ना नाही. पण त्यासाठी देवाला वर्षभर कशाला त्रास द्यायचा? फरशी गवंडी बसवतो."

"बसवतो की," खांबामागून आवाज आला.

"थट्टा चालली आहे का ही?" मोठे पंच लाल झाले. "हे आमेन धरायचं नाही. लोकांनी ते सवयीने म्हटलं."

"मग सकाळपासूनची सगळीच सवयीने म्हटली. तुमच्या मणक्याचंही. तेही परत घेऊ?"

"माझ्या मोतीबिंदूचं परत घ्यायचं नाही हं!" म्हातारी बसल्या जागेवरून ओरडली. "सांगून ठेवते. बुधवारी ऑपरेशन आहे."

कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. पण म्हातारीच्या त्या ओरडण्याने हवा पालटली. प्रत्येकाला आपापलं आमेन आठवलं. एक काढलं तर सगळीच उसवतील, हे कापडवाल्याखेरीज सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"पंचांना तुमच्या मुदतीचा विचार करावा लागेल," मोठे पंच शांतपणे म्हणाले. ते शांत झाले की जास्त भीती वाटायची.

"करा. पण पंचांचा विचार होईपर्यंत मी इथली पाळक आहे. आणि आमेन म्हटलेलं आहे."

"कुणासाठी हे? माझ्या मुलाचं घर मोडून गेलेल्या बाईसाठी?"

पाळकबाईंना हे बोलायचं नव्हतं. पण कालपासून अंगात जे उभं राहिलं होतं ते आता खाली बसायला तयार नव्हतं.

"घर नाही मोडलं तिने, पंच. मोडला होता तो तिचा हात. तिसऱ्या बाकावर बसून तिने प्लास्टरमधल्या हाताने गाण्याचं पुस्तक धरलं होतं. आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि आपण सगळ्यांनी तिला विचारलं, 'कशी गं पडलीस?' मीसुद्धा."

दाराबाहेरचा खांदा हलला नाही. मोठ्या पंचांच्या बायकोने मांडीवरचे हात उलटे केले आणि त्यांच्याकडे बघत बसली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून कुरकुर ऐकू आली. सासूबाई उठत होत्या. गुडघ्यांवर हात टेकून त्या उभ्या राहिल्या, मधली वाट ओलांडली आणि तिसऱ्या बाकाशी जाऊन थांबल्या. अख्खी मंडळी माना वळवून बघत होती.

"सरका," त्या मोठ्या पंचांच्या बायकोला म्हणाल्या.

"हा आमचा—" मोठे पंच म्हणाले.

"तुमचा होता. आमेन म्हणालात ना? मी ऐकलं. तुमचाच आवाज सगळ्यांत मोठा होता." आणि त्या नवराबायकोच्या मधल्या जागेत बसल्या. बसल्या बसल्या इकडेतिकडे जराशा हलल्या. "काय कडक लाकूड आहे हो! यावर बसून माणसाचा मणका दुखणारच."

मोठ्या पंचांनी एकदा सगळीकडे पाहिलं. कुणी नजर दिली नाही, पण कुणी त्यांच्या बाजूने उठलंही नाही. ते वाटेत आले आणि ताठ मानेने दाराकडे चालायला लागले.

त्याच वेळी त्यांची बायको बोलली. तिचा आवाज मंडळीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"ये गं," ती दाराकडे बघून म्हणाली. एवढंच.

लाँड्रीवाली खुर्चीतून उठली. दारात ती आणि मोठे पंच समोरासमोर आले. एक जण आत येणार, एक बाहेर जाणार, आणि दार रुंद असूनही दोघं अडखळले. मग ती बाजूला झाली, ते बाहेर गेले, आणि ती आत आली.

पाळकबाईंनी मनात कुठेतरी ठरवूनच टाकलं होतं की ती शेवटच्या बाकाच्या कडेला अंग चोरून बसेल. ती चालत राहिली. गवंडी सरकला, डॉक्टर सरकले, म्हातारीने तर पिशवी उचलून जागा करून दाखवली. ती कुठेच थांबली नाही. ती थेट पहिल्या बाकाशी आली, सासूबाईंच्या रिकाम्या बाकाशी, आणि अगदी मधोमध बसली. हात पसरून, आरामात. तिच्या उजव्या मनगटाला वाफेचा लाल डाग होता आणि तो तिने बाहीत लपवला नाही.

"उशी आहे तिथे," मागून सासूबाई ओरडल्या. मग जरा थांबून, मोठ्या कष्टाने, "वापर."

पुढचं गाणं कसं झालं ते नीट कुणाला सांगता आलं नसतं. काही लोक उठून दुसरीकडे बसले. काही जण बाकाला धरून बसले, जणू तो कुणी ओढून नेणार होतं. डॉक्टरांनी गवंड्याच्या पोराला जवळ घेतलं आणि मग त्याच्या नाकाकडे बघून पश्चात्ताप केला. घर बहुतेक गेलंच, असं पाळकबाईंना वाटत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्या वाटण्याने आवाज खाली येत नव्हता.

आशीर्वाद देऊन त्या दारापाशी आल्या. नवरा कोट घेऊन आधीच येऊन उभा होता.

"बघा," तो हळूच म्हणाला.

मोठे पंच घरी गेले नव्हते. त्यांची बायको अजून आत होती. ते पायरीवरच्या खुर्चीत बसले होते, टोपी मांडीवर घेऊन, आवाराच्या फाटकाकडे तोंड करून. आखूड पायामुळे खुर्ची जराशी डुगडुगत होती. लोक त्यांना वळसा घालून खाली उतरत होते. एकाने सवयीने म्हटलं, "बरे बसलात," आणि जीभ चावली.

"मी वरिष्ठांना लिहिणार आहे," ते पाळकबाईंकडे न बघता म्हणाले.

"लिहा. बाकांचंही लिहा. आणि आत या, थंडी आहे."

"मी इथे बरा आहे."

त्यांच्यामागून लाँड्रीवाली बाहेर आली. तिच्या हातात मेजावरचं पांढरं कापड होतं, धुवायला न्यायचं. ती खुर्चीशी थांबली. दोन वर्षांत ती त्यांच्याशी बोलली नव्हती, आणि आज बोलावं असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"या खुर्चीत फार वेळ बसू नका, बाबा," ती म्हणाली. आवाजात माफी नव्हती आणि टोमणाही नव्हता. एखाद्या दुखण्यातून उठलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगावं तसं ती सांगत होती. "सवय लागते. मग आतून बोलावलेलं ऐकू येत नाही."

ती पायऱ्या उतरून गेली. मोठ्या पंचांनी तिच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. त्यांच्याच दुकानातलं होतं ते.

"चला आत," पाळकबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आई अजून तिसऱ्या बाकावर आहेत, त्यांना उठायला हात द्यायचाय."

"आणि हे?"

"ते ठरवतायत. ठरवणाऱ्याकडे बघत उभं राहू नये."

त्या आत गेल्या. सासूबाई आणि मोठ्या पंचांची बायको रिकाम्या खोलीत अजून शेजारी बसल्या होत्या आणि लाकडाच्या कडकपणाबद्दल बोलत होत्या. घंटाकाका गाण्याची पुस्तकं गोळा करत विचारत होते, "पाळकबाई, पुढच्या रविवारी मी कुठे बसू हो? मला कळतच नाहीये."

"मलाही नाही," पाळकबाई म्हणाल्या. "वर्ष आहे आपल्याकडे. अजून सुरूही झालेलं नाही."

तेव्हा मागे, दाराशी, लाकूड दगडावरून घासत आल्याचा आवाज झाला. खुर्चीचा आखूड पाय उंबऱ्याला अडला, कुणीतरी चिडून काहीतरी पुटपुटलं, आणि खुर्ची थोडी उचलून, पुन्हा ओढत, आत यायला लागली. पाळकबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी सासूबाईंना हात दिला.